सूचना: रविवारच्या रेकॉर्डिंगला मिशी हजर राहील

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी 10 वाजता आपल्या समूहगीताचं रेकॉर्डिंग आहे. साउंड इंजिनिअर त्याच बाई आहेत, ज्यांना मागच्या वेळी सात जणांनी "इंजिनिअर कधी येणार?" असं विचारलं होतं. (आठव्याने त्यांना कोरसमध्ये उभं केलं. कोण ते सगळ्यांना ठाऊक आहे.)

उपाय म्हणून कार्यकारिणीने एक नकली मिशी आणली आहे. ती मिक्सरच्या उजव्या बाजूला ठेवलेली असेल. तांत्रिक शंका मिशीलाच विचाराव्यात. उत्तरं बाई देतील.

- कंडेन्सर माइकला 48 व्होल्टची फँटम पॉवर (केबलमधूनच माइकला जाणारी वीज) लागते. ती चालू असताना केबल उपसू नये. हे बाईंनी मागच्या वेळी तीनदा सांगितलं, कुणी ऐकलं नाही. यंदा मिशी एकदाच सांगेल.
- वाद्यं A हा स्वर 440 हर्ट्झला धरून जुळवून आणा. आयएसओ 16 या मानकात तेच आहे, त्यामुळे बाईंशी हुज्जत घालून उपयोग नाही.
- "ऑटोट्यून आहेच की" असं म्हणू नये. ते सॉफ्टवेअर 1997 साली आलं, सूर सरकवतं. उशिरा येणाऱ्यांना वेळेवर आणत नाही.
- मोबाइल बंद.

मिशी घरी नेऊन बघण्याची बेसवाल्यांची विनंती फेटाळण्यात आली आहे.

मिशीचं मानधन बाईंच्या दुप्पट ठरलं आहे. हरकत असल्यास शुक्रवारपर्यंत लेखी कळवावी. निर्णय मिशी देईल.

– चिटणीस