माँट्रोजहून पत्र: पाच गावांचा गेलेला मतदारसंघ

ती. अप्पांस साष्टांग नमस्कार,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत की माँट्रोज अ‍ॅबर्डीनकडे की डंडीकडे, आणि मी सांगेपर्यंत आईने फोन घेऊन जेवणाचं काढलं, मग ते राहूनच गेलं. दोन्हीच्या मधे, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, बंदराचं गाव. पण मला सांगायचंय ते वेगळंच आहे आणि ते फोनवर होणारं नाही, म्हणून टाइप करून पाठवतोय, बाळूला प्रिंट काढून द्यायला सांगा, मोबाइलवर डोळे फोडत बसू नका.

इथे पूर्वी एक मतदारसंघ होता, माँट्रोज बर्ग्ज नावाचा. 1832 ला झाला, 1950 ला गेला. बर्ग म्हणजे राजाची सनद मिळालेलं शहर, तशी पाच गावं मिळून एक खासदार: माँट्रोज, आर्ब्रोथ, ब्रेकिन, फॉरफर आणि इन्व्हरबर्वी. आता गंमत बघा, ही गावं एकमेकांना लागून नाहीतच. एकेक वीसेक किलोमीटरवर, मधली शेतं खेडी सगळी जिल्ह्याच्या वेगळ्या मतदारसंघात, आणि ह्यांची नकाशावर नुसती पाच ठिपकी. त्यात चार गावं अँगस जिल्ह्यातली आणि इन्व्हरबर्वीचा जिल्हाच वेगळा. उमेदवाराने सकाळी आर्ब्रोथला कोळ्यांसमोर आणि गिरणीवाल्यांसमोर बोलायचं आणि रात्री बर्वीला पोचायचं, मधे जे भेटतील त्यांची मतं त्याला नाहीत.

1832 च्या आधी तर अजून भारी प्रकार होता. तेव्हा फॉरफर नव्हतं, त्याच्या जागी अ‍ॅबर्डीन, आणि नाव अ‍ॅबर्डीन बर्ग्ज. लोकांना मतच नाही. प्रत्येक गावच्या कौन्सिलने एक प्रतिनिधी पाठवायचा आणि त्या पाच जणांनी खासदार निवडायचा, आणि कौन्सिल तरी कोण निवडणार तर जुनी कौन्सिलच नवी निवडणार. तुम्ही सोसायटीचे सचिव होतात, जिल्हा बँकेच्या निवडणुकीत एकेका सोसायटीचा एकेक ठराव कसा जायचा ते तुम्ही पाहिलंय, अगदी तेच. पाच ठराव गोळा करायला काय काय लागतं ते मी तुम्हाला सांगायला नको! 1832 च्या कायद्याने वर्षाला दहा पौंड किमतीचं घर असलेल्या पुरुषांना मत मिळालं, म्हणजे वकील, व्यापारी, दुकानदार. गिरणीतला कामगार बाहेरच, त्याला अजून पस्तीस-छत्तीस वर्षं थांबावं लागलं, आणि बायकांना 1918 पर्यंत.

पहिला खासदार होरेशिओ रॉस, बंदुकीचा नेमबाज म्हणून नावाजलेला, त्याचं सोडा. मला भेटला तो जोसेफ ह्यूम. भेटला म्हणजे हाय स्ट्रीटवर पुतळा आहे त्याचा, मी बंदरावर जाताना रोज त्याच्यासमोरून जातो आणि बरेच दिवस वाचलंही नव्हतं कोण ते. माँट्रोजचाच, जन्म 1777, बाप जहाजावरचा कप्तान, लवकर गेला, आई बाजारात मातीची भांडी विकायची आणि त्यावर पोरं वाढवली तिने. हा डॉक्टर झाला, ईस्ट इंडिया कंपनीत लागला, हिंदुस्थानी शिकला, फारसी शिकला. 1803 ला इंग्रजांची शिंदे-भोसल्यांशी लढाई जुंपली तेव्हा हा बुंदेलखंडात फौजेबरोबर होता. पावसाने तोफांची दारू ओली झालेली, ती वाळवायची युक्ती ह्या डॉक्टरने काढली. ती दारू कुणावर उडाली असेल ते तुम्हीच समजा. पुढे चाळीस हजार पौंड गाठीला बांधून परत आला, पहिल्यांदा तर दुसरीकडची सीट चक्क विकत घेऊन पार्लमेंटात गेला (तेव्हा चालायचं), मग अ‍ॅबर्डीन बर्ग्जमधून, मग इकडून तिकडून हिंडत 1842 ला माँट्रोजला, आणि 1855 ला मरेपर्यंत इथेच. आयुष्यभर एकच ध्यास, सरकारचा खर्च. बजेटमधला एकेक आकडा धरून बसायचा आणि उत्तर मिळेपर्यंत मंत्र्याला सोडायचा नाही, बाकीचे खासदार जाम वैतागायचे म्हणे. सैन्यात फटके मारायची शिक्षा होती तिच्याविरुद्ध पण बोलला, कामगारांना संघटना करायला बंदी होती ती 1824 मधे उठली त्यात पण ह्याचा मोठा हात.

आणि आता ऐका, ह्याचा मुलगा अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. हो, तोच, 1885 चा, काँग्रेसचा! पहिलं अधिवेशन पुण्याला ठरलेलं, कॉलरा आला म्हणून मुंबईला गोवालिया टँकवर गोकुळदास तेजपालच्या संस्कृत कॉलेजात झालं, 72 प्रतिनिधी, हे तुम्हीच मला दहावीत शिकवलेलं. बापाने मराठ्यांविरुद्ध दारू वाळवली आणि पोराने काँग्रेस काढली. दुकानावरच्या आजींना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, असेल बाबा, आम्हाला तो पुतळा म्हणजे बसची वाट बघायची जागा.

मधली तीस वर्षं बॅक्स्टर नावाचे डंडीकडचे मोठे व्यापारी होते, निवांत. ही लिबरल पक्षाची हक्काची सीट झालेली, आणि हक्काच्या सीटचं काय होतं ते आपल्याला माहितीच आहे, पडलेल्या मोठ्या पुढाऱ्याला तिथे आणून बसवतात. जॉन मोर्ली 1895 ला न्यूकॅसलमधे पडले, इथल्या खासदाराने राजीनामा दिला, पोटनिवडणूक लागली आणि 1896 च्या फेब्रुवारीत मोर्लीसाहेब माँट्रोजचे खासदार. मी ह्यात नाव ठेवणार नाही, आपले मधू दंडवते तरी कुठे कोकणातले, नगरचे, आणि राजापूरने त्यांना पाच वेळा निवडून दिलं. पण दंडवते आपल्या गाड्यांसाठी, रेल्वेसाठी भांडले. मोर्लींच्या हातात 1905 ला जे आलं ते माँट्रोज नव्हतं, आख्खा हिंदुस्थान होता. भारतमंत्री झाले ते.

त्या डिसेंबरात बनारसला काँग्रेसचे अध्यक्ष आपले गोखले. मोर्ली म्हणजे केवढा विचारवंत, उदारमतवादी, आमच्या पिढीचे गुरू, अशा अर्थाचं बोलले ते, आशा वाटतेय आणि धडकीही भरतेय असंही बोलले. मग 1906 ला लंडनला जाऊन भेटले त्यांना, एकदा नव्हे. बंगालची फाळणी रद्द करा म्हटलं तर साहेब म्हणाले ते आता ठरलंय, बदलणार नाही. 1907 ला लाला लजपतरायांना खटला न चालवता मंडालेला नेलं, त्याचंही समर्थन केलं.

पण मला सगळ्यात लागलं ते आर्ब्रोथचं भाषण. ऑक्टोबर 1907, मोर्ली आपल्या मतदारांना भेटायला आले आणि विषय हिंदुस्थान. लोक म्हणतात कॅनडाला स्वराज्य चालतं मग हिंदुस्थानला का नाही, तर साहेबांचं म्हणणं असं की कॅनडाच्या थंडीत फरचा कोट छान वाटतो म्हणून तो दख्खनमधे घालून बघा! दख्खन, अप्पा. आर्ब्रोथच्या कोळ्यांना, गिरणीवाल्यांना दख्खनचं हवामान समजावलं जातंय आणि दख्खनमधल्या एकालाही ह्या माणसाला मत द्यायचा किंवा पाडायचा अधिकार नाही. मी आर्ब्रोथला गेलो तेव्हा जूनमधे जॅकेट घालून कुडकुडत होतो आणि डोक्यात हेच, की कोट कुणाला लागतो ते ठरवणारे हे कोण. दोन महिन्यांनी सुरतला काँग्रेस फुटली. गोखल्यांकडे दाखवायला काय होतं हो, हा कोट?

1908 च्या मे महिन्यात मोर्ली लॉर्ड होऊन वरच्या सभागृहात गेले, इथे पोटनिवडणूक झाली, मताचा हक्क मागणाऱ्या बायकांनी सभा गाजवल्या, तरी सीट लिबरलांकडेच. भारतमंत्री मात्र मोर्लीच राहिले, आणि जुलैत टिळकांना सहा वर्षं मंडाले. 1909 च्या सुधारणा आल्या त्यात वेगळे मतदारसंघ मुसलमानांचे, पुढचं तुम्हाला पाठ आहे.

नंतरचे खासदार तुम्हाला सांगून उपयोग नाही, मलाच लक्षात राहत नाहीत. 1950 ला हा विखुरलेल्या गावांचा मतदारसंघ संपवला, ही पाचही गावं आजूबाजूच्या खेड्यांसकट अँगसच्या दोन नव्या सीटांत गेली, बर्वी पण. मला विचाराल तर बरंच झालं, शेजारच्या शेतकऱ्याला सोडून वीस किलोमीटरवरच्या गावाशी जोडायचं ह्यात काही अर्थ नव्हता. तुम्ही राजापूर मतदारसंघ गेला तेव्हा चार दिवस चिडलेले होतात ते आठवतंय, तेव्हा ह्यावर तुमचं काय म्हणणं ते कळवा.

आणि एक काम. 1971 ला दंडवते कणकवलीत आलेले तेव्हाचं एखादं पत्रक तुमच्या कागदांत असेल तर बाळूला फोटो काढून पाठवायला सांगा, इथल्या लायब्ररीतल्या बाईंना बघायचंय, त्यांना मी पाच निवडणुकांचं सांगितलं तर विश्वासच बसेना. आईला म्हणावं जेवतोय व्यवस्थित, आर्ब्रोथचा धुरावरचा हॅडॉक मासा भाताबरोबर झकास लागतो.

तुमचा
बंड्या