हेदवीच्या काकांस जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सविनय नमस्कार.

आपले आभार खासगी पत्रानेही मानता आले असते. परंतु बीड, परभणी, लातूरकडची पुष्कळ मंडळी आता सुट्टीत कोकणात जातात आणि हेदवीच्या किनाऱ्यावरच्या कातळातील बामणघळ या अरुंद घळीविषयी आपण आम्हाला जे सांगितलेत ते त्यांच्याही कानी पडावे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

हेदवीला येणारे प्रवासी दशभुज गणेशाचे दर्शन घेतात, भरतीच्या वेळी किनाऱ्यावरच्या उमामहेश्वर मंदिराजवळ जातात आणि घळीतून उसळणाऱ्या पाण्याचे चित्रीकरण करून निघतात. आपण मात्र आम्हाला आधी सकाळी, ऐन ओहोटीला तेथे नेलेत. कार्तिक वद्य द्वितीया होती. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, दोनाची पाऊणपट दीड, म्हणून भरती दुपारी दीडच्या सुमारास आणि ओहोटी त्याआधी सहा तास, हा हिशेब आपण अंगणात उभ्या उभ्या मांडलात. मी भूगोलाचा शिक्षक आहे. भरती दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, हे वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो; पण तिथीला पाऊण तास धरणारी ही जुनी रीत त्याच नियमावर उभी आहे, हे त्या अंगणात उमगले.

पाणी उतरलेले असल्यामुळे घळीची घडण नीट पाहता आली. लाट कातळातल्या उभ्या भेगेत शिरते तेव्हा आतली हवा दाबली जाते, लाट मागे फिरताच ती एकदम सुटते आणि प्रत्येक वेळी भेग किंचित रुंदावते. घळ अशीच कोरली गेली आहे. तो काळा कातळ पाहताना मला आमच्या अंबाजोगाईचा हत्तीखाना, म्हणजे कातळात कोरलेली लेणी, आठवत होता, कारण दख्खनच्या पठारावर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्हाचाच खडक दोन्हीकडे आहे. आमच्याकडे वर्षाकाठी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्या खडकाची काळी माती झाली. आपल्याकडे ३००० मिलिमीटरहून अधिक पडतो आणि त्याचा जांभा, म्हणजे तांबडा सच्छिद्र दगड, झाला, ज्याचा सडा (उघडे कातळपठार) आपल्या घरामागेच पसरला आहे. घळीत शिरलेली लाट जे करते ते आमच्याकडे माणसांनी छिन्नीने केले, एवढाच फरक. (समुद्राला घाई नाही, हे आपले म्हणणे मान्य.)

दुपारी तीच जागा ओळखू येईना. पौर्णिमेचे उधाण अजून ओसरले नव्हते आणि अरुंद घळीत कोंडलेले पाणी कातळाच्या वर फेकले जात होते. आमच्यातल्या तरुणांना छायाचित्रासाठी अगदी कडेला जायचे होते. तेव्हा आपण जो आवाज चढवलात, त्याबद्दल माझे विशेष आभार आहेत. ओला कातळ शेवाळामुळे निसरडा असतो, समुद्राकडे पाठ करून उभे राहू नये, आणि दहा लाटा लहान आल्या म्हणून अकरावी लहानच येईल असे धरू नये, हे आपण पाहुण्यांची भीड न ठेवता सुनावलेत. मुलांना त्या वेळी राग आला होता. मला तर वाटते, अशी भीड न ठेवणारा माणूस प्रत्येक किनाऱ्यावर असावा.

काकूंनी केलेली तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी ज्वारीवर वाढलेल्या आमच्या मंडळींनी मागून मागून खाल्ली, हे त्यांना अवश्य सांगावे.

आमच्या अंबाजोगाईची योगेश्वरी ही आपली कुलस्वामिनी, आणि तिच्या दर्शनाला आलेले असतानाच आपली ओळख झाली. येत्या मार्गशीर्षात देवीच्या उत्सवाला याल तेव्हा परतीची घाई करू नये. मुक्काम आमच्याकडेच करावा. हत्तीखाना मी स्वतः दाखवीन, आणि दहावीच्या मुलांना भरती-ओहोटीचा धडा त्या दिवशी आपण शिकवावा, अशी शाळेच्या वतीने विनंती आहे.

आपला नम्र,
भूगोलाचा एक शिक्षक,
अंबाजोगाई, जि. बीड