आईची टाच मांडीवर घेणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आईची टाच भरून आली. परवा विळा घेऊन उसाच्या बांधापर्यंत गेली आणि आमचा ओरडा खाऊन परतली. एवढं तर फोनवरही कळवलं असतं, पण मनात बरंच साचलंय.

टाचेवरचा तो काळा डाग तुमच्याआधी दोघा डॉक्टरांनी पाहिला होता. पाहिला म्हणायचं आपलं! एकांनी टेबलापलीकडूनच 'कुरूप आहे' म्हणत कॉर्न कॅप, म्हणजे कुरूपावर लावायची औषधी पट्टी, लिहून दिली. दुसऱ्यांपाशी मी कॅन्सरची शंका काढली तर हसले. म्हणे, तो गोऱ्यांचा आजार, तुम्ही मोबाइलवर कमी वाचा. मेलानोमा, म्हणजे कातडीचा हा काळ्या डागाचा कॅन्सर, आपल्याकडे कमी होतो, हे खरंच. पण सावळ्या माणसाला झालाच तर बहुधा तळपायाला, तळहाताला नाहीतर नखाखाली होतो, आणि तिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो. जमैकाचा गायक बॉब मार्ली त्यानेच गेला. १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली निदान झालं, १९८१ मध्ये अवघ्या ३६व्या वर्षी संपला. मला हे तुमच्याकडून कळलं. त्या दोघांना आधीच ठाऊक असायला हरकत नव्हती.

तुम्ही खुर्ची सोडून खाली बसलात आणि आईचा पाय सरळ स्वतःच्या मांडीवर घेतलात. आई दचकलीच. डॉक्टरला पाय लावायचा म्हणजे तिला पापच. ओढून घ्यायला लागली. भेगांत शेतातली माती होती, त्याची लाज वेगळीच. तुम्ही ती ओल्या कापसाने पुसलीत आणि पुसता पुसता विचारलंत, "यंदा ऊस आडसाली लावलाय का सुरू?" तिथून आई तुमची झाली.

मग मोबाइलला लावलेला तो डर्मोस्कोप. वरची चकाकी मारून कातडीच्या आतला रंग मोठा करून दाखवणारं भिंग. फोटो तुम्ही मला नाही, आधी आईला दाखवलात. तळव्याच्या रेषा म्हणजे सरी-वरंबा समजा, म्हणालात. रंग सरीत असेल तर बहुतेक साधा तीळ, वरंब्यावर असेल तर तुकडा तपासायलाच हवा. आईने स्क्रीनकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाली, "वरंब्यावर चढलाय की." घाबरली नाही, कारण तिचं तिलाच दिसलं होतं.

बायोप्सीत तेच निघालं, पण वरच्या थरातच होतं. पुढचं ऑपरेशन वगैरे तुम्हाला माहीतच आहे.

हुशार डॉक्टर पुष्कळ असतील हो. समोरच्या अडाणी म्हणवणाऱ्या बाईला तिच्याच पायाबद्दल आधी सांगावं, असं किती जणांना वाटतं?

आता आई गल्लीतल्या बायकांचे तळवे उलटे करून बघत असते. धाकट्या काकूंच्या डागाला "सरीत आहे, काही नाही" असा निकालही देऊन टाकलाय. मी मात्र भिंगाशिवाय मानणार नाही. सोमवारी काकूंना घेऊन येते.

तुमची,
आईची थोरली लेक