तिघांना मिळून एकच कालखंड: इतिहासाच्या बाईंना आभाराचं पत्र

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

मुलांना घरीच शिकवणाऱ्या आम्हा काही पालकांचं हे पत्र. निवृत्तीनंतरही तुम्ही आमच्यासाठी वेळ काढलात, बालभारतीची तिसरी ते दहावीची पुस्तकं समोर मांडून कुठलं कोणाला आणि का, ते समजावलंत. पत्र खुलं ठेवतोय, कारण सात, दहा आणि तेरा वर्षांची भावंडं एकाच टेबलाशी बसणारी घरं आणखीही आहेत.

सगळ्यात आधी आभार, आधी कालखंड ठरवा आणि मग पुस्तक, या सल्ल्याबद्दल. ज्याला त्याला इयत्तेप्रमाणे पुस्तक दिलं, तर थोरलं ‘चले जाव’मध्ये, मधलं अश्मयुगात आणि दुसरीतल्या धाकट्याला इतिहासाचं पुस्तकच नाही! शिकवणारं माणूस एकच. दर आठवड्याला वेगवेगळी तयारी झेपत नाही आणि दिवाळीपर्यंत इतिहास वेळापत्रकातून गळतो. पाचवी ते आठवीची पुस्तकं तुम्ही ओळीने लावलीत, तेव्हा चार वर्षांची फेरी आयतीच दिसली: पाचवीत मानवाची वाटचाल, सहावीत प्राचीन भारत, सातवीत मध्ययुग, आठवीत इंग्रजी सत्तेपासून 1 मे 1960च्या महाराष्ट्र राज्यापर्यंत. सगळं घर एका वर्षी एकाच काळात राहतं, बदलते ती अभ्यासाची खोली. (नव्या अभ्यासक्रमाची पुस्तकं टप्प्याटप्प्याने येतायत, म्हणून पीडीएफ उतरवताना आवृत्ती पाहून घ्यावी, दोन आवृत्त्यांची सरमिसळ झाली की एखादा काळ दोनदा येतो आणि एखादा सुटतो.)

वयाचं गणितही तुम्हीच मांडून दिलंत. सातव्या वर्षी सुरू करणारं मूल अकराव्या वर्षी पहिली फेरी संपवतं आणि दुसरी फेरी वरच्या पातळीवर करतं. दहाव्या वर्षी सुरू करणारं चौदाव्या वर्षी मोकळं होतं. एनआयओएसच्या, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेच्या, दहावीला किमान वय तेवढंच लागतं. तेराव्या वर्षी सुरू करणाऱ्याला मात्र पूर्ण फेरीचा हट्ट नको, त्याने दोन वर्षांत मध्ययुग आणि आधुनिक काळ नीट करावा. परीक्षेच्या वर्षी तर त्याला फेरीतून बाहेरच काढावं, कारण तिथे पुस्तकही वेगळं आणि प्रश्नांची तऱ्हाही वेगळी.

मध्ययुगाचं वर्ष सगळ्यात रंगतं. धाकट्याला चौथीचं ‘शिवछत्रपती’, मधल्याला सातवीचं पुस्तक आणि थोरल्याला अस्सल साधनं: जेधे शकावलीतल्या (जेधे घराण्याकडच्या सालवार टिपणांतल्या) नोंदी, आज्ञापत्रातलं (रामचंद्रपंत अमात्यांच्या राजनीतीवरच्या ग्रंथातलं) दुर्गांचं प्रकरण, दोन्ही देवनागरीत छापलेली. आठवड्यातून दोन दिवस पाऊण तास पुरतो. पहिली वीस मिनिटं मोठ्याने एकत्र वाचन, तेही मधल्याच्या पुस्तकातून. थोरल्याचं वाचायला घेतलं की धाकटं पाचव्या मिनिटाला टेबलाखाली. मग ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगायची पाळी, आणि ती धाकट्यापासून. उलट क्रम लावला, तर थोरलं सगळं सांगून मोकळं होतं आणि खालच्यांकडे ‘मलापण तेच’ एवढंच उरतं. त्यानंतर धाकट्याचं चित्र, मधल्याची पाच-सहा वाक्यं, थोरल्याचं साधन-वाचन.

शालिवाहन शकावरून इसवी सन काढायचा जो तक्ता तुम्ही दिलात, तो तर सोन्यासारखा. थोरली मुलं शकात सरसकट 78 मिळवतात आणि फसतात. राज्याभिषेक ज्येष्ठातला, शके 1596, म्हणून 78 मिळवून 1674 बरोबर. शिवजन्म मात्र फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551. फाल्गुन येईपर्यंत इंग्रजी वर्ष पालटलेलं असतं, म्हणून 79 मिळवायचे: 1630. इथे 78 घेतले की 1629 येतं आणि मूल पुस्तकालाच चूक म्हणतं. जन्माचं 1627 हे दुसरं वर्ष कुठून आलं आणि टिळकांनी मिळवलेल्या जेधे शकावलीने त्या वादात काय बदललं, हा थोरल्यासाठी आठवडाभराचा अभ्यास. धाकट्याला 19 फेब्रुवारी 1630 पुरे.

भिंतीवरच्या काळपट्टीत शतकाला 10 सेंटिमीटर धरले, तर इसवी सनपूर्व 3000 पासून आजपर्यंत 5 मीटर होतात; एवढी भिंत बहुतेक घरांत निघते. पण त्या मापात महाराजांचं सगळं आयुष्य 5 सेंटिमीटरांत कोंबलं जातं. म्हणून तुम्ही सुचवल्याप्रमाणे वेगळ्या रंगाची दुसरी पट्टी, वर्षाला 1 सेंटिमीटर: 1630 ते 1680 पन्नास, आणि पुढे 1707 पर्यंत, औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत, आणखी सत्तावीस. महाराजांनंतरचा संघर्ष किती लांबला, ते मुलं बोटाने मोजतात. दोन्ही मापं एकाच पट्टीवर कधीच नकोत. बिलाच्या मशीनचा रोलही नको, तो उन्हाने काळवंडतो. कार्डशीट कापून जोडलेली बरी.

सहलीसाठी एकटा जुन्नर तालुका सांगितलात, तेही बरं केलंत. नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख आणि जकातीचा दगडी रांजण, डोंगरांत बौद्ध लेणी, आणि शिवनेरी. दोन वर्षांचे धडे एका मुक्कामात. शिवनेरीवर धाकट्याने पाण्याची टाकी मोजावीत आणि किल्ला बांधण्याआधी पाणी पाहा हे आज्ञापत्राचं सांगणं थोरल्याने तिथेच वाचून दाखवावं.

आता एक विनंती. पुढच्या वर्षी आधुनिक काळ सुरू होतोय. संभाजी महाराजांच्या मृत्यूचा तपशील थोरल्यांना वेगळं बसवून वाचायला दिला, तसंच फाळणीचंही करणार आहोत. पण धाकट्यासमोर 1947 किती उघडायचं, ते तुमच्याशी बोलूनच ठरवू. दिवाळीनंतर सवडीचा एखादा दिवस कळवावा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपले,
घरी शिकणाऱ्या मुलांचे काही पालक