खात्री आहे का तुला?

संपादक, नमस्कार,

तुमच्या पेपरात, आणि तसं सगळ्याच पेपरात, ट्रान्सजेंडर हा शब्द दोनच कारणांनी येतो. कुणीतरी कशाततरी पहिलं आलं म्हणून, नाहीतर कुणालातरी मारहाण झाली म्हणून. दोन्ही बातम्या यायलाच हव्यात, तक्रार ती नाहीये. पण या दोन बातम्यांच्या मधे एक अख्खं वय असतं, चौदा पंधरापासून वीस बावीसपर्यंतचं, जेव्हा त्या पोराचं त्यालाच कळत नसतं की आपलं नक्की काय चाललंय, आणि ते कुठेच छापून येत नाही कारण त्यात बातमी होईल असं काही घडतच नाही. मी त्या वयातून आत्ता बाहेर पडतोय. जन्मदाखल्यावर मुलगी लिहिलंय, मी मुलगा आहे, म्हणून हे पत्र.

या सगळ्या वर्षांत जो भेटेल त्याने एकच प्रश्न विचारला, खात्री आहे का तुला? आईने विचारला, मावशीने विचारला, डॉक्टरांनी विचारला, जिवलग मैत्रिणीनेही विचारला. बहुतेकांनी काळजीनेच विचारला, नाही म्हणत नाही. पण या प्रश्नात असं धरलेलं असतं की एक दिवस असा येतो जेव्हा तुम्हाला सगळं लख्ख कळतं आणि मग तुम्ही येऊन जाहीर करता. तसं काही नसतं हो. काही जणांना खरंच चौथ्या पाचव्या वर्षापासून माहीत असतं. मला नव्हतं. खूप जणांचं वयात येताना सुरू होतं, कारण तोपर्यंत मुलाच्या आणि मुलीच्या अंगात रोजच्या जगण्यात जाणवावा असा फरकच फार नसतो, आणि मग अचानक शरीर एका रस्त्याने निघतं आणि तुम्ही मागे उभे राहून बघत बसता. त्यामुळे "लहानपणी तर तू असं कधी काही बोलली नव्हतीस" हा पुरावा होत नाही.

आणि सुरुवातीला दुःखच असतं असंही नाही. मला तर नुसतं काहीच वाटायचं नाही, फोटो काढायचे तर काढा, वाढदिवस करायचा तर करा, सगळं दुसऱ्याच कुणाचं चाललंय असं. कळलं ते आनंदातून. केस बारीक कापलेले होते, गर्दीत कुणीतरी मागून म्हणालं "ए दादा, जरा सरक ना", आणि दिवसभर मी हवेत. डॉक्टर लोक त्रास किती आहे ते मोजतात आणि ते बरोबरच आहे, पण कशाने बरं वाटतं हे कुणी फारसं विचारत नाही, आणि मला विचाराल तर तिथून जास्त लवकर कळतं.

त्यात आपली मराठी. मी गेलो की मी गेले, येतो की येते, तोंड उघडलं की आपण कोण ते सांगून मोकळं व्हावं लागतं, लपायला जागा नाही. मग पळवाटा शोधायच्या. मी कितीतरी महिने शक्य तेवढं भविष्यकाळात बोलायचो, मी येईन, मी बघेन, मी करेन, तिथे लिंग लागत नाही. "मी जेवले" नाही म्हणायचं, "जेवण झालं" म्हणायचं. "दमले" नाही, "कंटाळा आला". आई म्हणायची हल्ली बोलणं फार कमी झालंय तुझं, आणि खरंच होतं, प्रत्येक वाक्य आधी डोक्यात तपासून मगच सोडायचं तर माणूस कमीच बोलणार ना. (प्रत्येक गप्प पोर ट्रान्स असतं असं मी म्हणत नाहीये, प्लीज तसं फॉरवर्ड करू नका.)

मुद्दा असा की खात्री सगळ्या गोष्टींना सारखी लागत नाही. घरात ट्रान्सजेंडर हा शब्द उच्चारला की सगळे थेट ऑपरेशनवर जातात. मधलं काही कुणाला दिसतच नाही. नाव, केस, कपडे, क्रियापद, हे सगळं करून बघता येतं आणि नाही पटलं तर उद्या परत पहिल्यासारखं करता येतं, त्यासाठी शंभर टक्के खात्री कशाला पाहिजे? हॉर्मोन्सचं वेगळं. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हॉर्मोन, घेतल्यावर पाळी थांबते, ती औषध बंद केलं तर सहसा परत येते, पण जाड झालेला आवाज परत येत नाही, त्यामुळे तिथे थांबून, डॉक्टरांशी बोलून, विचार करूनच जायचं. आणि सर्जरीला त्याहून जास्त. शिवाय यातलं काहीच न करणारे पण ट्रान्स लोक असतात आणि ते काही कमी ट्रान्स नसतात. २०१८ मध्ये अमेरिकेत पंधरा ते एकवीस वर्षांच्या १२९ ट्रान्स मुलामुलींचा एक अभ्यास छापून आला, त्यात ज्यांना घरी, शाळेत, कामावर, मित्रांत, जितक्या जास्त ठिकाणी त्यांनी निवडलेल्या नावाने हाक मारली जायची तितकं त्यांच्यात डिप्रेशन आणि जीव द्यायचे विचार कमी दिसले. आता १२९ म्हणजे काही फार नाहीत, आणि नावानेच सगळं होतं असं त्यातून सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. पण हाक मारून बघायला जातंय काय?

हा आजार आहे का, हेही सारखं ऐकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या नव्या यादीत हे मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात टाकलंय. त्यातच असंही स्पष्ट लिहिलंय की नुसतं वागणं किंवा आवडीनिवडी वेगळ्या आहेत एवढ्यावरून निदान करायचं नाही. म्हणजे मुलगी झाडावर चढते किंवा मुलाला नेलपॉलिश आवडतं यावरून घाबरूही नका आणि लेबलही लावू नका.

इन्स्टावरचं फॅड म्हणणाऱ्यांना एवढंच की बर्लिनमध्ये मॅग्नस हिर्शफेल्ड नावाच्या डॉक्टरने १९१९ मध्ये संस्था काढली होती, तिथे ट्रान्स लोक मदत मागायला यायचे, १९३३ मध्ये नाझींनी ती लुटली आणि पुस्तकं जाळली. तेव्हा कुठला मोबाईल होता.

आता दुसरी बाजूही बोलतो नाहीतर म्हणाल सोयीचं तेवढंच सांगतो. इंग्लंडमध्ये २०२४ ला हिलरी कॅस या बालरोगतज्ज्ञांचा रिपोर्ट आला, ट्रान्स मुलांना दिल्या जाणाऱ्या, वयात येणं थांबवणाऱ्या औषधांमागचा पुरावा कमकुवत आहे असं त्यात आहे. ते वाचायलाच हवं. पण तो फॉरवर्ड करणारे काका हे सांगत नाहीत की ही मुलं वर्षानुवर्षं वेटिंग लिस्टवर पडून राहतात, हेही त्याच रिपोर्टात आहे. औषध उशिरा द्या म्हणणं वेगळं आणि पोराचं ऐकूनच घेऊ नका म्हणणं वेगळं. आणि एखाद्याला दोन वर्षांनी वाटलं की नाही, मी मुलगीच आहे, तर तिलाही निवांत परत येता यायला हवं, "बघ आम्ही म्हणत होतो ना" न ऐकता.

माझ्यापेक्षा लहान कुणी हे वाचत असेल तर दोन गोष्टी. छाती सपाट दिसावी म्हणून क्रेप बँडेज गुंडाळू नका, ते हळूहळू आवळत जातं, श्वास लागतो, बरगड्यांना इजा होऊ शकते. आणि ऑनलाइन कुठून तरी हॉर्मोन्स मागवून स्वतःच सुरू करू नका, टेस्टोस्टेरॉनने रक्त दाट होऊ शकतं, अधूनमधून तपासण्या लागतात. बाकी आत्ता काय ते नक्की कळत नसेल तर नसू दे, मुलगा मुलगी दोन्हीपैकी काहीच नाही असंही असू शकतं.

संपादक, तुमच्याकडे मागणं छोटं आहे. अशा माणसाची बातमी देताना आधीचं नाव आणि आधीचा फोटो छापायची गरज नसते. आणि आरोग्याच्या पानावर कधीतरी एखाद्या हॉर्मोन्सच्या डॉक्टरांना बोलवा, आईवडिलांचे प्रश्न घ्या, कसलेही वेडेवाकडे असले तरी घ्या, कारण ते प्रश्न ते आम्हाला विचारत नाहीत, एकमेकांना विचारत बसतात.

माझं नाव छापू नका, नातेवाईकांत अजून सगळ्यांना सांगितलेलं नाही. पत्र लांबलंय, हवं तिथे कापा, पण क्रियापदं आहेत तशीच राहू द्या.

एक वाचक