रेंज नसलेल्या रस्त्यावरचे ट्रक

ओडेसा, टेक्सास

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही विचारलंत, ड्रायव्हर नसलेल्या ट्रकची रेंज गेली तर तो काय करतो? फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

हा पर्मियन बेसिन, तेलाचा मुलूख. जमिनीखालच्या खडकाला पाण्याच्या दाबाने भेगा पाडतात आणि त्या मिटू नयेत म्हणून वाळू भरतात. एका विहिरीला हजारो टन लागते. खाणीपासून विहिरीपर्यंत मुरमाड कच्चे रस्ते, टॉवर क्वचितच. २०२५ च्या सुरुवातीपासून कोडियाक कंपनीची यंत्रणा बसवलेले ट्रक इथे केबिनमध्ये माणूस नसताना वाळू वाहतात. माझं काम अशाच ट्रकांना लांबून मदत करण्याचं.

स्वतःची जागा कळायला ट्रकला रेंज लागतच नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किमी उंचीवरून संदेश सोडत राहतात, ट्रक फक्त ऐकतो. पण त्यात काही मीटरचा फरक पडू शकतो आणि तेवढ्यात चाक चारीत जाईल. म्हणून नकाशा ट्रकमध्येच असतो आणि लायडार लेसरने भोवतालचा आकार मोजून त्याच्याशी ताडून पाहतो. पण या सपाट माळावर ताडायला आहे काय? मेस्किटची झुडपं, आणि वाऱ्याने सरकणारी वाळू! मग चाकांचे फेरे मोजून अंदाज बांधावा लागतो. पुढच्या टँकरने धुरळा उडवला की लायडारला तो भिंतीसारखा दिसतो. रडारला मात्र त्यातूनही पलीकडचं दिसतं. दोघांचं जुळलं नाही, की वेग कमी.

उपग्रहाचं इंटरनेट आहे. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किमीवर, म्हणून उत्तर लवकर येतं. तरी मी इथून स्टिअरिंग फिरवत नाही. वाटेत पाइप पडलेला दिसला तर ट्रक थांबून फोटो पाठवतो, मी ‘डावीकडून काढ’ एवढंच सुचवतो. डावीकडे खरंच जागा आहे का, ते तोच तपासतो. ब्रेक मारायला माझ्या होकाराची वाट पाहणारी गाडी रस्त्यावर नकोच, यावर मी ठाम आहे. याच रस्त्यांवरून पहाटे माणसं पिकअप घेऊन शिफ्टला जातात. पेकोसवरून जाणाऱ्या २८५ महामार्गाला तर इथले लोक ‘डेथ हायवे’ म्हणतात, इतके अपघात.

सध्या डोकं खातोय तो प्रश्न थांबण्याचा. संपर्क नाही, सेन्सर धुळीने माखलेत, अशा वेळी उभं राहायचं हे नक्की. पण वळणावर किंवा चढाच्या माथ्यावर नाही. थांबायला सुरक्षित जागा आम्ही आधीच नकाशावर नोंदवतोय. बाबा, माळशेज घाटात धुक्यात कांद्याची गाडी बाजूला घ्यायची झाली तर तुम्ही जागा कशी हेरता? मागून येणाऱ्याला दिसावं म्हणून काय करता? सुचेल तसं लिहून पाठवा, मला कामाला येईल.

आई, गुडघ्याचं औषध मधेच बंद करू नकोस.

तुमचा,
बाळू