मॉर्गन एडवर्ड्स यांस: फुटांत मोजलेल्या प्रार्थनाघरांबद्दल आभार

रा. रा. मॉर्गन एडवर्ड्स यांसी,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आपण फिलाडेल्फियाचे बॅप्टिस्ट पाळक, १७९५ साली डेलावेअरमध्ये वारलात, तेव्हा पत्र पोहोचायचे नाही. तरी ते लिहायचे, आणि चारचौघांत लिहायचे. अमेरिकेतल्या खेड्यांमधल्या बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळ्यांचा (एकत्र उपासना करणाऱ्या सभासदांच्या गटांचा) इतिहास जुळवणाऱ्याला कधी ना कधी आपल्या नोंदींपाशी यावे लागते, आणि बहुतेक जण काम झाल्यावर आपले नाव घ्यायला विसरतात.

मराठी वाचकाला बॅप्टिस्ट म्हटले की विल्यम कॅरी आठवतो. बंगालमधल्या सेरामपूरचा (नगरकडचे श्रीरामपूर नव्हे), १८०५ साली मराठीचे व्याकरण छापणारा. आपण ज्यांच्याबद्दल लिहिलेत ते लोक वेगळे. जंगल तोडून शेती करणारे, पाळकही नांगर धरणारा, आणि मंडळीचा पत्ता म्हणजे एखाद्या ओढ्याचे नाव. १७७१-७२ मध्ये आपण घोड्यावरून थेट जॉर्जियापर्यंत जाऊन त्यांना गाठलेत.

आभार मुख्यतः आपल्या रुक्षपणाबद्दल. त्या काळी धर्मावर लिहिणारे ‘देवाची मोठी कृपा झाली’ असे लिहून पुढच्या गावाला निघत. आपण विचारलेत: मंडळीचे नाव कशावरून पडले, घर कोणत्या दिशेला किती मैलांवर, लांबी-रुंदी किती फूट, बांधले कधी, जमीन कोणी दिली, कुटुंबे किती, त्यांतले बाप्तिस्मा घेतलेले किती, आणि पाळकाला वर्षाला किती पौंड मिळतात. शेवटच्या प्रश्नावर काही जणांनी तोंड वाकडे केले असेल.

यातला ‘कुटुंबे किती आणि बाप्तिस्मा किती’ हा जोडप्रश्न सोन्याच्या मोलाचा. बॅप्टिस्ट लोक तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. ज्याने जाणत्या वयात विश्वासाची साक्ष दिली तोच पाण्यात उतरतो आणि सभासद होतो. म्हणून रविवारी बाकावर बसणारे शंभर आणि वहीतले सभासद तीस असे सहज घडते. नवखा अभ्यासक तीस आकडा पाहून ‘मंडळी लहान होती’ असे लिहून मोकळा होतो. आपले दोन्ही आकडे शेजारी ठेवले की ही चूक होत नाही.

नॉर्थ कॅरोलायनातल्या सँडी क्रीकची नोंद तर किती वेळा वाचावी. कनेक्टिकटचे शुबल स्टर्न्स १७५५ साली तिथे पोहोचले. आठ कुटुंबे, सोळा माणसे. बुटका माणूस, शिक्षण बेताचे, आवाज गोड आणि भरदार, नजर भेदक, हे आपण टिपलेत. धिप्पाड जॉन स्टुअर्टला हा बुटका पाळक पाण्यात कसा बुडवतो याची गंमत बघायला एल्नाथन डेव्हिस आला होता आणि शेवटी स्वतःच प्रवचनकार झाला, तेही आपल्यामुळेच कळते. १७५८ मध्ये आसपासच्या मंडळ्यांचा संघ झाला. सतरा वर्षांत ४२ मंडळ्या आणि त्यांतून १२५ प्रवचनकार, हा आपला हिशेब. त्याच नोंदीत खाली उतरलेला आकडाही आहे: सभासद ६०६ वरून १४. कारणही आपण दिलेत. गव्हर्नरविरुद्ध उठलेल्या रेग्युलेटर शेतकऱ्यांचा १६ मे १७७१ रोजी अलामान्सला पराभव झाला आणि माणसे गाड्या जुंपून निघून गेली. पंधराशे कुटुंबे गेली, असे आपण लिहिलेत. चढता आकडा सगळेच लिहितात. उतरता लिहायला धीर लागतो.

आता तो ६०६ कसा वाचायचा? आपण घराचे माप दिलेत: ३० बाय २६ फूट. म्हणजे ७८० चौरस फूट, माणशी जेमतेम सव्वा चौरस फूट. एवढ्या जागेत ६०६ माणसे उभीसुद्धा राहणार नाहीत. तेव्हा तो आकडा एका छपराखालचा नाही. दूरच्या वस्त्यांवर भरणाऱ्या उपासनांतले सभासदही मूळ मंडळीच्या वहीतच धरलेले असणार. शेजारच्या ॲबट्स क्रीक आणि डीप रिव्हर यांच्या स्वतंत्र मंडळ्या झाल्या. मंडळी वेगळी झाली की तिचे सभासद आईच्या वहीतून वजा होतात, आणि ही वजाबाकी न पाहता ‘मंडळी ओस पडली’ म्हणणारे पुष्कळ. आपण माप दिले नसते तर शंकाच आली नसती.

आपल्या नोंदीपासून पुढे सरकायचे तर पहिल्यांदा ओढा शोधावा, गाव नव्हे. बाप्तिस्मा पूर्ण बुडवून, म्हणून पाणी जवळ हवेच. गाव नंतर वसते, कधी नावही बदलते, ओढा मात्र नकाशावर तोच राहतो. मग काउंटीच्या कचेरीत जमिनीचे खत पाहावे. त्यात मंडळीचे नाव असेलच असे नाही. खत बहुधा दोन-तीन विश्वस्तांच्या नावे असते, तेव्हा आडनावांनी शोधावे. त्यानंतर मंडळीची कार्यवृत्ताची वही. रविवारचे प्रवचन महिन्यातून एकदाच, कारण एकच पाळक तीन-चार मंडळ्या सांभाळी; आदल्या शनिवारी कामकाजाची सभा. वहीतल्या तारखा बहुतेक शनिवारच्या का, याचे उत्तर एवढेच. कोणी गाव सोडले की दुसऱ्या मंडळीने त्याला सभासद करून घ्यावे म्हणून चिठ्ठी मिळे. एका वहीत ‘चिठ्ठी देऊन सोडले’ आणि दुसऱ्या राज्यातल्या वहीत ‘चिठ्ठीवर घेतले’ अशी जोडी जुळली की एका कुटुंबाची वाट सापडते. दोन तारखांत वर्षाचे अंतर पडले तरी घाबरू नये. चिठ्ठी पेटीत पडून राही. गुलाम सभासदांची नोंद अनेकदा नुसत्या पहिल्या नावाने आणि पुढे मालकाच्या नावाने आहे. १८६५ मध्ये गुलामगिरी संपल्यावर ही नावे वहीतून जातात, कारण त्यांनी आपल्या स्वतंत्र मंडळ्या उभारल्या. तिथून दुसरी वही शोधायची.

वही जळाली असेल तर संघाचे छापील वार्षिक वृत्त. त्यात दर मंडळीमागे एक ओळ: बाप्तिस्मा इतके, चिठ्ठीवर आले, चिठ्ठीवर गेले, काढून टाकले, परत घेतले, वारले, एकूण. गेल्या वर्षीच्या एकूणातून बेरीज-वजाबाकी करून पाहावी. जुळत नसेल तर बहुधा मंडळीने त्या वर्षी संघाला आकड्यांचे पत्र पाठवले नाही आणि जुनाच आकडा पुन्हा छापला.

सर्वांत जास्त घोळ एका भांडणाने घातला, जे आपल्या पश्चात झाले. १८२७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या केहुकी संघाने मिशनरी संस्थांना विरोध जाहीर केला, आणि पुढच्या काळात गावोगावी एका मंडळीच्या दोन झाल्या: अशा संस्थांना विरोध करणारी प्रिमिटिव्ह आणि त्यांना मानणारी मिशनरी. दोघांच्या फलकावर स्थापनेचे साल एकच, आणि दोन्ही खरे! जुनी वही कोणाकडे, इमारत कोणाकडे आणि त्या वर्षी संघाच्या तक्त्यात ओळ कोणाची, या तिन्हींची उत्तरे वेगवेगळी निघाली तर तसेच लिहावे. निवाडा करणे आमचे काम नव्हे.

आपल्या नोंदीही निर्दोष नाहीत. पुष्कळ मजकूर ऐकीव, आकडे गोळाबेरीज. भविष्य वर्तवण्याच्या बाबतीत तर आपण फारच कच्चे: १७७० च्या नववर्षदिनी ‘याच वर्षी तू मरशील’ या वचनावर प्रवचन केलेत, आपला अंत जवळ आला असे सुचवलेत, आणि पुढे पंचवीस वर्षे जगलात. फिलाडेल्फियाच्या मंडळीत त्याने आपली पत गेली असेल, पण पुढच्याच वर्षी आपण दक्षिणेच्या वाटेला लागलात. त्यात आमचा फायदाच झाला.

बारा खंड योजले होते. आपल्या हयातीत १७७० चा पेन्सिल्व्हेनियाचा आणि १७९२ चा न्यू जर्सीचा, असे दोनच छापले गेले. दक्षिणेचे हस्तलिखित संपूर्ण छापायला दोनशेवर वर्षे लागली. तोवर ते जपून ठेवणाऱ्यांचेही आभार याच पत्रात मानतो.

आपले,
जुन्या वह्या चाळणारे काही जण

ता. क. पेन्सिल्व्हेनियातल्या पेनीपेकच्या मंडळीच्या स्थापनेचे साल कुठे १६८७, कुठे १६८८ दिसते. भांडू नये. १७५२ पर्यंत इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू होई, आणि ती मंडळी जानेवारीत स्थापन झाली. पाळकांच्या पगारांबाबतही तेच: प्रत्येक वसाहतीचा पौंड निराळा होता, म्हणून पेन्सिल्व्हेनियाचे चाळीस आणि कॅरोलायनाचे चाळीस एका रकान्यात मांडू नयेत.